यंत्रभरतातील मोठ्या नक्षीचे संपादन

यंत्राच्या एका चौकटीत मावणार नाही एवढी भरतनक्षी संगणकावर रचणे, तिचे भाग पाडणे आणि ते भाग कापडावर एकमेकांस अचूक जुळतील अशा रीतीने यंत्राकडे सोपविणे, या कामास यंत्रभरतातील मोठ्या नक्षीचे संपादन म्हणतात. साडीचा पदर, शालीचा कोपरा, जाकिटाची पाठ, मंडळाचा ध्वज, देव्हाऱ्याचा पडदा यांवरील नक्षी बहुधा या प्रकारात मोडते. ‘मोठी’ हे विशेषण येथे सापेक्ष आहे. ज्या घरगुती यंत्राचे भरतक्षेत्र १०० × १०० मिमी आहे, त्याला दीड वीत लांबीचा मोरही मोठा ठरतो. तोच मोर कारखान्यातील यंत्र एका दमात भरून टाकते.

या कामात चूक झाली तर ती बहुधा दुरुस्त होत नाही. कागदावरची रेघ खोडता येते, परंतु रेशमातून सुईने पाडलेली छिद्रे टाके उसवल्यावरही दिसत राहतात. म्हणून संपादनाचा बराच भाग हा कापडाला सुई लागण्याआधीच चुका शोधण्याचा असतो.

परिभाषा

मराठीत या विषयाची परिभाषा अजून स्थिरावलेली नाही. हातभरतासाठी धावदोरा, साखळी टाका, कशिदा, बुट्टी असे जुने शब्द आहेत. यंत्रभरताच्या व्यवसायात मात्र इंग्रजीतून आलेले शब्दच रूढ आहेत. नक्षीचे टाक्यांत रूपांतर करण्याला कारागीर ‘पंचिंग’ म्हणतात. संगणकावर कोठेही छिद्र पाडले जात नसताना हा शब्द टिकून आहे, कारण पूर्वी नक्षी कागदी पट्टीवर छिद्रे पाडून नोंदविली जात असे. कापड ताणून धरणाऱ्या साधनाला ‘फ्रेम’ किंवा ‘रिंग’ म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘चौकट’ हा शब्द योजला आहे. चौकटीचे बाहेरचे माप आणि सुई प्रत्यक्ष पोहोचू शकते ते भरतक्षेत्र यांत फरक असतो. नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच होतो.

इतिहास

फ्रान्समधील म्युलूझ येथील जोस्युए हाइलमान यांनी १८२८ साली हाताने चालविण्याचे भरतयंत्र तयार केले. त्यात नक्षीचे सहापट मोठे रेखाचित्र फळ्यावर लावीत. चालक त्यावरून एक टोक फिरवी आणि त्याची हालचाल सांगाड्यामार्फत सहापट लहान होऊन कापडाच्या चौकटीला मिळे. सुयांच्या रांगा आपल्या जागी आणि कापड मात्र हलते, ही त्या यंत्राची कल्पना आजच्या संगणकीय यंत्रातही जशीच्या तशी आहे. सुई फक्त वरखाली होते, नक्षी काढते ती चौकट.

स्वित्झर्लंडमधील इझाक ग्रोब्ली यांनी १८६३ साली शिवणयंत्राप्रमाणे वरचा आणि खालचा असे दोन दोरे वापरणारे यंत्र आणले. त्यातील धोट्याचा आकार होडीसारखा असल्याने स्विस जर्मन बोलीतील ‘लहान होडी’ या अर्थाचा ‘शिफली’ हा शब्द त्या यंत्राला चिकटला. त्यांच्या मुलाने १८९८ च्या सुमारास छिद्रपट्टीवरून चालणारे स्वयंचलित शिफली यंत्र तयार केले. शिफली यंत्रावर कापड काही मीटर लांबीच्या चौकटीत ताणलेले असल्याने आजच्या अर्थाने भाग पाडण्याचा प्रश्न तेथे फारसा नव्हता. तो प्रश्न लहान चौकटींच्या यंत्रांबरोबर आला.

जपानमधील ताजिमा कंपनीने १९६४ साली अनेक हेडांचे स्वयंचलित भरतयंत्र आणले. १९८० साली सिडनी येथील विल्कॉम कंपनीने लघुसंगणकावर चालणारी भरतरचना प्रणाली बाजारात आणली. १९९० च्या सुमारास घरगुती संगणकीय भरतयंत्रे मिळू लागली आणि तळहाताएवढ्या चौकटीत पदराएवढी नक्षी कशी बसवायची, हा प्रश्न घरोघरच्या भरतकाम करणाऱ्यांपुढे उभा राहिला.

वस्तुरूप आणि टाकेरूप नक्षी

मोठ्या नक्षीचे काम समजून घेण्यासाठी दोन प्रकारच्या धारिकांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात नक्षी आकारांच्या रूपाने साठविलेली असते: ही पाकळी, तिची सीमारेषा अशी, आत सॅटिन टाका, टाक्यांची दिशा अमुक अंश, ओळींमधील अंतर ०.४ मिमी. विल्कॉमची ‘ईएमबी’ धारिका या जातीची आहे. अशी नक्षी मोठी केली की प्रणाली टाके नव्याने मोजून काढते. दुसऱ्या प्रकारात केवळ टाक्यांची यादी असते: उजवीकडे इतके, वर इतके, सुई खाली. यंत्राला दिली जाणारी ताजिमाची ‘डीएसटी’ धारिका ही या प्रकाराचे सर्वांत प्रचलित उदाहरण होय.

‘डीएसटी’च्या आरंभी ५१२ बाइटांचा मथळा असतो आणि पुढे प्रत्येक हालचालीसाठी ३ बाइट खर्ची पडतात. मोजमापाचे एकक ०.१ मिमी असते. एका नोंदीत आडव्या किंवा उभ्या दिशेने जास्तीत जास्त १२.१ मिमी सरकता येते. या धारिकेत दोऱ्याचे रंग नोंदविलेले नसतात, फक्त ‘येथे थांब, रंग बदल’ एवढीच सूचना असते. त्यामुळे मोठ्या नक्षीचे चार-सहा भाग ‘डीएसटी’त दिले असतील तर रंगांचा कागदी तक्ता सोबत ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. ब्रदर यंत्रांच्या ‘पीईएस’ आणि जानोमेच्या ‘जेईएफ’ धारिकांत रंगांची माहिती असते.

आकार वाढविण्याचे गणित

लहान नक्षी ओढून मोठी करणे म्हणजे मोठी नक्षी तयार करणे नव्हे. १०० × १०० मिमीचा भरीव चौरस घ्या. ओळींमधील अंतर ०.४ मिमी आणि टाक्याची लांबी ४ मिमी धरली तर २५० ओळी होतात, प्रत्येक ओळीत २५ टाके पडतात आणि एकूण टाके ६,२५० भरतात. खालचे आधाराचे टाके यात धरलेले नाहीत. हा चौरस २०० × २०० मिमी केला आणि टाके नव्याने मोजले तर ते २५,००० होतात. बाजू दुप्पट, काम चौपट. मिनिटाला ८०० टाक्यांच्या वेगाने हे काम अर्ध्या तासाहून थोडे अधिक चालते आणि केवळ वरच्या बाजूला दिसणारा दोरा १०० मीटर लागतो.

हीच वाढ टाकेरूप धारिकेत नुसती ताणून केली तर टाके ६,२५० च राहतात, ओळींमधील अंतर ०.८ मिमी होते आणि मधून कापड दिसू लागते. ७ मिमी रुंदीचा सॅटिन पट्टा १४ मिमीचा होतो. एवढा टाका ‘डीएसटी’च्या एका नोंदीत बसतच नाही आणि बसविला तरी वापरताना बांगडीत किंवा अंगठीत अडकून ओढला जातो. म्हणून सुमारे ७ मिमीपेक्षा रुंद पट्टे मधूनमधून सुई टोचून तोडावे लागतात किंवा विटांच्या बांधणीसारख्या भरावात बदलावे लागतात. या भरावाला जपानी चटईवरून ‘तातामी’ म्हणतात. उलट, नक्षी न मोजता निम्मी केल्यास अंतर ०.२ मिमीवर येते, दोरा तुटतो, कापड कडक होते आणि प्रसंगी सुई मोडते.

काही गोष्टी आकाराबरोबर वाढवायच्या नसतात, हे मात्र अनेकदा विसरले जाते. दोऱ्याची जाडी तीच राहते, म्हणून ओळींमधील अंतरही तेच ठेवावे लागते. धावदोऱ्याचा टाका २ ते २.५ मिमीचाच चांगला दिसतो. दोऱ्याच्या ताणाने भराव टाक्यांच्या दिशेने आत ओढला जातो. त्याची भरपाई म्हणून आकार प्रत्येक बाजूला साधारण ०.२ ते ०.४ मिमी वाढवून ठेवतात. ही भरपाई कापड आणि दोरा पाहून ठरते, नक्षीच्या पटीने नव्हे.

मोठ्या आकारात पुष्कळदा भराव कमी करणेच शहाणपणाचे असते. मोराचे अंग पूर्ण भरण्याऐवजी तेथे रंगीत कापडाचा तुकडा लावून केवळ कडा भरल्या तर हजारो टाके वाचतात आणि पदर अंगावर नीट पडतो. ठोकळ्यासारखा कडक झालेला पदर कितीही सुबक असला तरी नेसण्याच्या कामाचा नाही.

भाग पाडणे

किती भाग पडतील हे आधी कागदावर मोजता येते. नक्षी ३०० × २४० मिमीची, भरतक्षेत्र १८० × १३० मिमीचे आणि शेजारच्या भागांत १० मिमीचा दुणावा ठेवायचा आहे असे समजू. चौकटीची लांब बाजू आडवी धरली तर दोन भागांत ३५० मिमी रुंदी आणि दोन भागांत २५० मिमी उंची मिळते, म्हणजे चार भागांत काम भागते. तीच चौकट उभी धरली तर ३०० मिमी रुंदीसाठी तीन भाग लागतात आणि एकूण सहा होतात. नक्षी वा चौकट फिरवून पाहणे हा मिनिटभराचा उद्योग दोन वेळा कापड चढविण्याचे श्रम वाचवितो.

बहुतेक प्रणाली सरळ रेषेत आपोआप भाग पाडून देतात. ही सोय आकर्षक असली तरी तिच्यावर सर्वस्वी विसंबणे योग्य नाही. सरळ रेषा पाकळीच्या मधून गेली तर सॅटिन पट्ट्याचे दोन तुकडे होतात आणि जोड अर्धा मिलिमीटर हलला तरी तो चरासारखा उठून दिसतो. जाणकार कारागीर रेषेऐवजी नक्षीतील नैसर्गिक फटी शोधतो: देठ आणि पान यांमधील जागा, पिसाऱ्यातील दोन पिसांमधील अंतर, अक्षर आणि अक्षर यांमधील मोकळीक. पूर्ण आकार ज्या भागात अधिक बसतो त्या भागात तो अखंड ठेवावा, असा साधा नियम आहे. वस्तुरूप धारिकेत हे सहज साधते. टाकेरूप धारिकेत टाके एकेक निवडून वेगळे करावे लागतात.

मोठी पार्श्वभूमी भरायची असल्यास तोडणे अटळ होते. तेव्हा तुटलेली कड सरळ न ठेवता दातेरी करतात, म्हणजे एका भागाचे टाके दुसऱ्या भागात लहान-मोठ्या लांबीने शिरतात. दोन्ही भागांत टाक्यांची दिशा एकच ठेवावी लागते, कारण रेयॉन आणि पॉलिएस्टर दोऱ्यांवर प्रकाश दिशेप्रमाणे वेगळा चमकतो आणि रंग एकच असूनही दोन छटा दिसतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जोडावर नंतर येणारी एखादी वेल किंवा किनार रचणे. जोड झाकण्यासाठी आलेली वेल पुष्कळदा नक्षीचेच भूषण ठरते.

भाग पाडल्याने रंगबदलही वाढतात. सात रंगांच्या नक्षीचे चार भाग केले आणि प्रत्येक भागात सर्व रंग आले तर अठ्ठावीस वेळा दोरा ओवावा लागतो. एका सुईच्या घरगुती यंत्रावर हा मोठाच खोळंबा असतो. म्हणून भाग ठरविताना रंगांकडेही पाहतात.

जुळणीच्या खुणा

भाग जुळविण्यासाठी नक्षीत अधिक चिन्हासारख्या खुणा घालतात. पहिल्या भागाच्या शेवटी या खुणा वेगळ्या रंगथांब्यावर सैल धावदोऱ्याने भरल्या जातात. दुसऱ्या भागाच्या आरंभी त्याच खुणा पहिल्या टाक्यांत पुन्हा येतात. कापड नव्याने चौकटीत चढविल्यावर सुईत दोरा न ओवता यंत्र त्या खुणेपर्यंत नेतात, हातचाक फिरवून सुईचे टोक खाली आणतात आणि ते आधीच्या खुणेच्या छेदावर येते की नाही ते पाहतात. येत नसेल तर यंत्राच्या पडद्यावरून नक्षी सरकवितात.

खुणा किमान दोन हव्यात. एक खूण फक्त स्थान सांगते, कोन सांगत नाही. कापड चौकटीत केवळ एक अंश तिरके बसले तर पहिल्या खुणेपासून २०० मिमी अंतरावर सुमारे ३.५ मिमीची चूक होते, आणि एवढी चूक कोणतीही वेल झाकू शकत नाही. दोन खुणा शक्य तितक्या दूर ठेवल्या तर कोन अधिक नेमका धरता येतो. त्यांचा आणखी एक उपयोग आहे. संगणकावर दोन खुणांमध्ये १५० मिमी असून कापडावर १४८.५ मिमी भरले, तर पहिल्या भागाच्या ताणाने कापड एक टक्क्याने आक्रसले आहे, हे पुढचा भाग भरण्यापूर्वीच कळते. अशा वेळी पुढचा भाग किंचित लहान करावा की खालचे अस्तर बदलून नव्या कापडावर आरंभ करावा, हा निर्णय कारागिराने घ्यायचा असतो. प्रणाली तो घेत नाही.

रेशीम, साटिन आणि तलम ऑर्गन्झा यांवर धावदोऱ्याच्या खुणाही छिद्रे ठेवून जातात. तेथे नक्षीचा प्रत्यक्ष आकाराचा कागदी नमुना छापून, मध्य आणि अक्ष पुसल्या जाणाऱ्या पेनने कापडावर आखतात. छपाईपूर्वी नमुन्यावर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवावी आणि छापल्यावर ती पट्टीने मोजावी. पुष्कळ छपाईयंत्रे पानात बसविण्यासाठी चित्र नकळत लहान करतात. काही नव्या यंत्रांत कॅमेरा असतो. तो कापडावर चिकटविलेली खूण वाचून नक्षी स्वतः फिरवितो.

कापड आणि क्रम

एकाच नक्षीचे सर्व भाग एकाच अखंड अस्तरावर भरणे हितकारक असते. बकरम किंवा न विणलेल्या कापडाचे अस्तर प्रत्येक भागासाठी वेगळे तोडून लावले तर जोडावर कापड मोकळे राहते आणि तेथेच सुरकुत्या पडतात. मखमलीवर चौकटीचा वळ उठतो. म्हणून अस्तरच चौकटीत ताणून त्यावर मखमल चिकटवितात. भरण्याचा क्रम शक्यतो मध्यापासून बाहेर ठेवावा. बाहेरचे भाग आधी भरले तर मधले कापड फुगते आणि त्याला जायला वाट राहत नाही.

साडीचा काठ

काठ हा मोठ्या नक्षीचा निराळा प्रकार आहे. त्याची रुंदी चौकटीत मावते, परंतु लांबी साडीएवढी असते. आवर्तन २५० मिमीचे धरले तर साडेपाच मीटरच्या साडीला चौकट २२ वेळा चढवावी लागते आणि नऊवारीला तेहतीसच्या आसपास. प्रत्येक आवर्तन आधीच्या आवर्तनाला जुळवीत गेल्यास अर्ध्या मिलिमीटरची चूक एकाच दिशेने साठत जाऊन बाविसाव्या आवर्तनापर्यंत ती एक सेंटिमीटरच्या घरात पोहोचते. यासाठी काठाला समांतर अशी एकच मूळ रेषा आधी आखून तिच्यावर सर्व आवर्तनांची स्थाने एकदम मोजून ठेवतात. आवर्तनाचे आरंभ आणि शेवटचे टोक संपादनातच तपासावे लागते: पहिल्या वेलीचा शेंडा दुसरीच्या देठाला मिळाला पाहिजे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पैठणीचा काठ आणि पदर विणलेला असतो, भरलेला नव्हे. यंत्राने भरलेल्या मोर-पोपटांच्या काठाला बाजारात पैठणी म्हटले जात असले तरी ती पैठणी नव्हे.

कारखान्यातील यंत्रे

अनेक हेडांच्या यंत्रावर प्रत्येक हेड एकाच वेळी तीच नक्षी भरते आणि दोन हेडांमधील अंतर हीच नक्षीच्या रुंदीची मर्यादा असते. त्याहून रुंद नक्षीसाठी एक सोडून एक हेड बंद ठेवतात. चौकटीची आडवी हालचाल पुरेशी असेल तर क्षेत्र दुप्पट मिळते, उत्पादन मात्र निम्मे होते. पूर्ण पदर एका खेपेत भरण्याचा मोह आणि यंत्र पूर्ण क्षमतेने चालविण्याची निकड यांतील ही ओढाताण नक्षीच्या किमतीतही उतरते.

प्रणाली

विल्कॉमची एम्ब्रॉयडरीस्टुडिओ ही प्रणाली व्यवसायात प्रामुख्याने वापरली जाते. घरगुती वापरासाठी त्याच कंपनीची हॅच, ब्रदरची पीई-डिझाइन, एम्बर्ड, एम्ब्रिलियन्स अशा प्रणाली आहेत. इंक-स्टिच ही इंकस्केप या रेखाचित्र प्रणालीला जोडून चालणारी मुक्त स्रोत प्रणाली असून ती विनामूल्य आहे. विद्यार्थ्यांनी प्रारंभ तिच्यापासून करण्यास हरकत नाही, कारण टाक्यांची दिशा, अंतर आणि आधाराचे टाके स्वतः ठरविण्याची सवय तिच्यात लागते. कोणतीही प्रणाली निवडली तरी मूळ वस्तुरूप धारिका, भागांच्या धारिका आणि रंगतक्ता वेगवेगळ्या नावांनी एकत्र जपून ठेवावा लागतो. केवळ ‘डीएसटी’ उरली तर पुढच्या वेळी आकार बदलणे जवळजवळ नव्याने पंचिंग करण्याइतके कष्टाचे होते.

कायदेशीर बाजू

टाकेरूप धारिका क्षणात नकलता येते आणि मोठी नक्षी रचणाऱ्याचे कित्येक दिवसांचे श्रम तीत असतात. भारतात याविषयी दोन कायदे एकमेकांना भिडतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम १५(२) नुसार, जी रचना रचना अधिनियम, २००० खाली नोंदविता येण्याजोगी असून नोंदविलेली नाही, तिचा वापर केलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा तयार होताच त्या रचनेवरील प्रताधिकार संपतो. अनेक हेडांच्या यंत्रावर हा आकडा एका दिवसातही ओलांडला जाऊ शकतो. रचना नोंदविल्यास १० वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढविता येते. मात्र नोंदणीसाठी रचना नवी असावी लागते आणि ती अर्जापूर्वी प्रसिद्ध झालेली नसावी लागते. त्यामुळे पदर दुकानात टांगल्यानंतर अर्ज करण्याचा विचार बहुधा उशिराचा ठरतो.